ठाण्याचे ऋण पारनेरच्या माळावर कशाला?

ठाण्यात रस्ता रुंद करायचा, मेट्रोचा खांब रोवायचा किंवा बोगद्याचे तोंड फोडायचे म्हटले की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, झाडे तोडू नका. दुसरी म्हणते, शहर वाढायचे तर काही झाडे जाणारच, पण एकाच्या बदल्यात दहा लावू. कुठे लावणार? जागेला काय तोटा, घाट चढून गेलात की मैलोन्‌मैल उघडे माळ पडलेत. इथवर आले की पहिली बाजूही नरमते. मग तिची तक्रार एवढीच उरते की लावलेली रोपे जगतील का आणि कागदावरचे आकडे खरे असतील का. माळ रिकामा आहे आणि त्यावर झाडे हवीतच, याबद्दल दोघांचेही दुमत नसते. माझा आक्षेप नेमका या एकमतावर आहे. पर्जन्यछायेतल्या डोंगरमाथ्यावरची वीतभर जाडीची, दगडगोट्यांनी भरलेली जमीन रिकामी नाही आणि आजारीही नाही. तिला गवत पेलते, तुरळक झाडे पेलतात, जंगल पेलत नाही. ठाण्यात तोडलेल्या झाडांची भरपाई तिथे होत नाही. तिथे आपण फक्त दुसरे नुकसान करून येतो.

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता हा सगळा मामला एका सकाळीत दाखवतो. ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुरबाड, टोकावडे, मग माळशेज. जुलैत घाटात ढग गाडीत शिरतात. ओतूर, आळेफाटा मागे टाकून पारनेर तालुक्यात शिरलो की तोच पाऊस पाचशेच्या घरात येतो, आणि तोही ठाण्यासारखा रोज हजेरी लावणारा नव्हे. चार मोठ्या सरी येतात, मध्ये तीन-तीन आठवडे कोरडे जातात. आपला डोळा मात्र ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलावर घडलेला असतो. ठाण्यात गच्चीच्या भेगेत पिंपळ उगवतो, तर इथल्या एवढ्या मोठ्या डोंगरावर झाड का नाही? कुणीतरी तोडले असणार, असे आपण सहज धरून चालतो. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण मुळात तिथे किती होते, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आधी मातीचा हिशोब करू, कारण या वादात तो कुणीच करत नाही. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो झिजून मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि ती माती पावसाबरोबर खाली जाते. म्हणून माथ्यावर वीतभर, उताराला हातभर आणि पायथ्याला पुरुषभर, अशी जमीन सापडते. खालची काळी जमीन भारी झाली ती वरच्या माळाच्या जिवावर, त्यामुळे माथ्यावरची जमीन 'बिघडली' म्हणणे म्हणजे डोंगराला डोंगर असल्याचा दोष देणे. आता पाणी. हलक्या मातीच्या एका सेंटिमीटर जाडीत मुळांना उचलता येईल असे पाणी ढोबळमानाने एक ते दीड मिलिमीटर राहते. वीतभर, म्हणजे वीसेक सेंटिमीटर मातीत वीस ते तीस मिलिमीटर. तिच्यातला तिसरा हिस्सा दगडगोटे असले तर चौदा ते वीस. एप्रिल-मे महिन्यांत पठारावरच्या हवेची तहान दिवसाला सात-आठ मिलिमीटर असते. म्हणजे काठोकाठ भिजलेली माळजमीनसुद्धा दोन-तीन दिवसांची धनी, आणि परतीचा पाऊस संपल्यापासून मृगापर्यंत काढायचे असतात सात महिने. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवते यावर तोडगा काढून बसलेली आहेत. पावसात झपाट्याने वाढायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास बी टाकायचे, वरचा जीव आवरून घ्यायचा आणि खाली मुळांचे जाळे तेवढे जिवंत ठेवायचे. मार्चमध्ये पिवळा पडलेला माळ मेलेला नसतो. तो थांबलेला असतो, आणि नेमके तेव्हाच तिथून जाणाऱ्या शहरी माणसाला त्याची दया येते.

या जमिनीत सरकारी मापाचा, दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा खणला की काय होते? वीतभर मातीनंतर पहार मुरमावर आणि मग कातळावर खणखणते. पोकलेन आणला तर खड्डा होतो, पण तो खड्डा म्हणजे खडकात कोरलेली कुंडी. ठाण्याच्या बाल्कनीत कुंडीतला आंबा किती वर्षे फळतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचे सांगायला नको. जुलैत तिच्यात पाणी साचून मुळे कुजतात, मार्चमध्ये तीच भट्टी होते. त्यातून रोप जगले तर ते बहुधा टँकरवर, आणि टँकर योजनेच्या मुदतीबरोबर जातो. त्याहून वाईट गोष्ट खड्ड्याबाहेर घडते. वरची माती, जिच्यात गवताचे बी आणि मुळे असतात, ती खणताना खाली गाडली जाते आणि खालचा निर्जीव मुरूम वर येतो. पाणी मुरवण्यासाठीचे खोल सलग समतल चर यंत्राने मारले की डोंगरभर मुरमाच्या ओळी उमटतात. त्यांवर पहिली कित्येक वर्षे गवत धरत नाही. धरतो तो टाकळा नाहीतर गाजरगवत.

यावर सर्वांत जोरकस उत्तर असे: उथळ, खडकाळ, कोरड्या डोंगरजमिनीवर झाडे येतच नाहीत हे खोटे आहे. उत्तर मान्य आहे. आपल्याकडेच धावडा, सालई, खैर, हिवर, बोर खडकाच्या फटीत मुळे घालून उभे असतात. अमेरिकेच्या पश्चिमेला, नेवाडा-युटा-ओरेगॉनच्या कोरड्या डोंगरी चराऊ प्रदेशात तर शेकडो वर्षांचे जुनिपर वृक्ष नेमके खडकाळ, उथळ धारांवरच सापडतात. पण का, ते पाहा. त्या खडकांवर गवत इतके विरळ की वणवा तिथवर पोहोचत नसे, म्हणून ती झाडे वाचली. खालच्या खोल मातीत गवत आणि सेजब्रशची झुडपे दाट होती, तिथे वणवा फिरे आणि जुनिपरची रोपे जळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गुराढोरांनी गवत खाल्ले, पुढे माणसांनी वणवे विझवले, आणि जुनिपर खाली पसरले. मग १९५० आणि ६० च्या दशकांत त्याच देशात दोन बुलडोझरांमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून हजारो एकरांवरची ही झाडे उपटली गेली, चराऊ गवत परत यावे म्हणून. ही साखळी काही कौतुकाची नव्हे. त्या उपटण्यानेही मातीचे हाल केले आणि त्यावर तिथे आजही भांडणे आहेत. मुद्दा इतकाच, की खडकाळ जमिनीवरचे झाड ही एकेका फटीची, एकेका शतकाची गोष्ट असते. ती हेक्टरी आकड्यांत बसत नाही. तीन-तीन मीटरवर ओळीने फटी नसतात.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे, म्हणून जास्त वजनाचा. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार काय मग? दोन्ही गावे याच पट्ट्यातली, दोन्हीकडे डोंगरावर चर खणले, झाडे लावली, आणि विहिरींना पाणी आले. ठाण्यातल्या कितीतरी पारनेरकरांच्या मनात गाव हिरवे करण्याचे स्वप्न आहे ते या दोन नावांमुळे. वाशीच्या मार्केटातली माण-खटावची माथाडी मंडळीही तेच बोलतात. शहरातल्यांच्या हौसेला नावे ठेवणे सोपे आहे, या मंडळींना ठेवता येत नाहीत. पण त्या गावांत आधी काय झाले ते आठवा. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली, डोंगर विश्रांतीला बसला. उतारावर सगळ्यांत आधी परतले ते गवत. हिवरे बाजारात लोक ते कापून न्यायला लागले, जनावरे गोठ्यात बांधली गेली आणि दूध वाढले. पाणी मुरले ते चरांनी, बांधांनी, आणि बोअरवेलवर, उसावर गावाने घातलेल्या बंधनांनी. झाडांचा वाटा नाही असे मी म्हणत नाही. पायथ्याच्या आणि ओघळीच्या खोल मातीत त्यांनी चांगले काम केले. पण या यशातून आपण उचलले काय? ग्रामसभा उचलली नाही, बंधने उचलली नाहीत. फोटोत येते ते झाड तेवढे उचलले.

शेतकऱ्याचे डाळिंब हाही दाखला दिला जातो. आटपाडी-सांगोल्याच्या हलक्या मुरमाड रानात डाळिंब झकास येते, मग जंगल का येणार नाही? कारण डाळिंबाला धनी असतो, ठिबक असते, शेततळे असते, आणि बाग फसली तर तो ती काढून टाकतो. माळावरच्या वनीकरणाला यातले काहीच नसते.

चराईचा मुद्दा मात्र एका वाक्यात उडवता येत नाही. आज अनेक माळांवर गवतही नाही, नुसते गोटे आहेत, आणि त्याला शेळ्यामेंढ्यांची अतिरिक्त चराई कारण आहे हे डोळ्यांनी दिसते. धनगराला निसर्गाचा राखणदार म्हणून देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांचे लिखाण मला पटत नाही. कळप मोठा असला की तो खातोच. प्रश्न असा, की कळप एकाच माळावर का साचला? जुनी रीत फिरतीची. पावसाळ्यात मेंढरे माळावर, दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मुक्काम, उठायचे. कुणी भीमा-नीरेच्या खोऱ्यात जायचे, कुणी घाट उतरून पार कर्जत-पनवेलच्या भातखाचरांपर्यंत. शेतात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. तोवर माळ मोकळा राही. मग उसाने वाटा बुजल्या, गायरानांवर बांधकामे आली, आणि उरलेल्या रानाला वनीकरणाच्या नावाने कुंपणे पडली. दहा माळांपैकी सहा बंद केले तर उरलेल्या चारांवर दहांची मेंढरे येणार, आणि ते चार उजाड झाले की 'बघा, चराईने वाट लागली, इथेही झाडे लावा' असे म्हणायला आपण मोकळे. औषधानेच वाढणारा हा रोग आहे. ज्या जिल्ह्याला आपण धनगराच्या लेकीचे, अहिल्याबाईंचे नाव दिले, त्याच जिल्ह्यात मेंढरांची जमीन कुणाच्याच उपयोगाची नाही असे समजून ठाण्याहून बस भरून रोपे लावायला जायचे, यातला विरोधाभास बसमधल्या कुणाला जाणवत असेल?

झाडाच्या बाजूने बोलताना रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा आधार हमखास दिला जातो: आंबा, फणस ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडून रयतेला दुखवू नका. उतारा सुंदर आहे आणि खराही. पण तो उभ्या झाडाबद्दल आहे. ठाण्यात झाड तोडणाऱ्याला तो वाचून दाखवायला हवा, पारनेरात खड्डा खणणाऱ्याला नव्हे. त्याच मराठी राज्याचे दुसरे अंग आपण विसरतो. ज्या भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजल्याचा आपण अभिमान सांगतो, ती तट्टे जंगलाच्या पाल्यावर वाढली नव्हती. घोडदळाचे राज्य गवतावर चाले. म्हणून सरकारी कुरणे राखली जात, म्हणून फौजेची घासदाण्याची वसुली होती. कुरणांचा सोहळा करण्याचेही कारण नाही. त्यांचे गवत कापायला गावांना वेठीला धरले जाई. तरी त्या कारभाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट होती: गवताळ माळ हे उत्पन्न आहे. तो उजाड दिसू लागला तो ज्यांना घोड्याची, बैलाची, मेंढीची गरज उरली नाही त्यांना. आणि हा माळ इंग्रजांनी झाडे तोडल्यामुळे तयार झाला ही समजूतही तपासून पाहावी अशी आहे. तेराव्या शतकापासूनच्या मराठी चरित्रग्रंथांतले, ओव्यांतले, कथांतले वनस्पतींचे उल्लेख अलीकडेच अभ्यासकांनी वेचले, तेव्हा त्यांत बहुसंख्य वनस्पती उघड्या गवताळ-काटेरी रानातल्याच निघाल्या. खंडोबाची बाणाई मेंढरे राखणारी आहे. ती मेंढरे घनदाट अरण्यात चरत नव्हती.

झाडांच्या आकड्याला बक्षीस लावले की काय होते, याचा अनुभव जगाला दीडशे वर्षांपूर्वीच आला आहे. १८७३ मध्ये अमेरिकेने कायदा केला: कोरड्या मैदानी मुलखात ४० एकरांवर झाडे लावा आणि १६० एकर जमीन घ्या. झाडांनी पाऊस ओढून आणता येतो, अशी तेव्हाची श्रद्धा. झाडे जगेनात म्हणून पाच वर्षांत अट १० एकरांवर आणली. लबाडी इतकी बोकाळली की १८९१ मध्ये कायदाच रद्द करावा लागला. आपल्याकडे १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ आले, उद्दिष्ट दरवर्षी ५० लाख हेक्टर. सुबाभूळ, निलगिरी, आणि लोक जिला उंदीरमारी म्हणतात ती गिरिपुष्प, यांची चलती झाली. शेवटची तर जनावर तोंड लावत नाही म्हणून लाडकी. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्राने ५० कोटी झाडांचा संकल्प सोडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने हरित पतांकांसाठी, म्हणजे ग्रीन क्रेडिटसाठी, काढलेल्या नियमांत हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. स्थानिक माती-हवामान पाहून, अशी पुस्तीही तिला जोडलेली होती, हे सांगायला हवे. पण आकडा आणि पुस्ती यांत कंत्राटदार काय वाचतो?

पाण्याचे म्हणाल तर २००५ मध्ये जगभरच्या २६ पाणलोटांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. गवताळ जागी वृक्षलागवड झाली तिथे ओढ्यानाल्यांतून वाहणारे वार्षिक पाणी सरासरी ४४ टक्क्यांनी घटले. त्यांत निलगिरी आणि पाइन जास्त होते, हे कबूल. पण झाड पाणी 'आणते' या आपल्या भाबड्या सूत्राला एवढे पुरेसे आहे. झाड पाणी पिते. ठाण्यात पडणाऱ्या पावसात ते खुशाल प्यावे. पाचशे मिलिमीटरच्या गावात ते कुणाच्या वाट्याचे पिते, हे विचारावे लागेल. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात खारे वाळवंट थोपवण्यासाठी परदेशी बाभूळ लावली. आज आशियातल्या नावाजलेल्या गवताळ प्रदेशाचा मोठा भाग तिने गिळला आहे आणि ती काढायची कशी यावर तिथले पशुपालक मालधारी आणि सरकार झगडत आहेत. सोलापूरच्या नान्नजला उलटे घडले होते. सरकारच्या दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या गवतावर माळढोक पक्षी दिसला, १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर बातमी होते. त्याला वीजवाहिन्या, शेती, शिकार अशी अनेक कारणे आहेत, पण उघड्या माळाला कुणी वालीच नव्हता हे त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

कार्बनचा युक्तिवाद मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो जितका आधुनिक वाटतो तितका भरीव नाही. वीतभर जमीन फार कार्बन साठवूच शकत नाही, झाड असो की गवत. फरक इतकाच की गवताचा साठा बराचसा जमिनीखाली असतो आणि वणव्यात किंवा दुष्काळात तो टिकतो. वठलेल्या रोपाचा कार्बन फक्त अहवालात टिकतो. आणि हो, सौरपट्ट्या टाकायला माळ मोकळाच आहे म्हणणारे विकासवादी आणि तिथे जंगल हवे म्हणणारे पर्यावरणवादी एकमेकांशी कितीही भांडोत, जमिनीकडे दोघेही सारख्याच नजरेने पाहतात.

मग ठाणे-ऐरोलीच्या कंपन्यांनी आपला सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) दोन टक्क्यांचा निधी माळावर नेऊच नये? न्यावा, पण आधी तिथे कोण चारतो ते विचारून. पवन्या-मारवेलचे स्थानिक बी गोळा करणाऱ्यांना मजुरी द्यावी. आळीपाळीने माळ बंद ठेवायला मेंढपाळ तयार असतील तर त्या काळातल्या चाऱ्याचा खर्च उचलावा. बी पडल्यानंतरच गवत कापायचे, हा नियम पाळणाऱ्या गावाला कडबाकुट्टीचे यंत्र द्यावे. ओढ्याकाठी आणि पायथ्याला, जिथे पहार हातभर सरळ आत जाते, तिथे करंज, बाभूळ, बोर लावावीत. माथ्यावर यंत्र चढवू नये. यात श्रमदानाचा दिवस साजरा होत नाही आणि टोप्या वाटायला निमित्त मिळत नाही, हे मला कळते.

आणि ठाण्याच्या झाडांचा हिशोब ठाण्यातच व्हावा. राज्याच्या नागरी वृक्षसंवर्धन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी झाडे लावायची असतात. तत्त्व चांगले आहे. साठ वर्षांच्या वृक्षाचे मोल साठ रोपांचे, हे कुणीतरी कायद्यात लिहिले. पण ही साठ रोपे त्याच प्रभागात, त्याच सावलीच्या टप्प्यात लावायला जागा कुठे आहे, हे परवानगी मागतानाच नकाशावर दाखवायला लावले पाहिजे. पदपथाखाली काँक्रीट फोडून किती माती मोकळी करणार, कोणत्या वाहनतळाचा तुकडा सोडणार, कुठल्या संकुलाच्या आवारात हक्काची जागा राखणार. जागा निघत नसेल तर ही अडचण झाड तोडण्याच्या निर्णयात मोजायची आहे. आज ती निर्णयानंतर मोजली जाते, आणि उत्तर सापडत नाही म्हणून घाटापलीकडे पाठवली जाते.